जार पडायच्या आधी

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरांच्या कोठ्यात गेले, तेव्हा तिथे एक रेडकू उभं होतं. म्हैस त्याला चाटत होती आणि सासूबाई धार काढत बसल्या होत्या. मी गोंदिया शहरालगतच्या कुडव्याची, दूध पिशवीतून येतं एवढंच मला माहीत. कौतुकानं मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. कातडं खरं होतं, पण आत भाताचं तणस भरलेलं होतं आणि पायांच्या जागी चार काठ्या होत्या.

"मेलं ते," सासूबाई मान न वळवता म्हणाल्या. "हे पुढं ठेवलं नाई तं म्हैस पान्हा सोडत नाई."

आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मामीजी तेव्हा साठीच्या पुढे गेल्या होत्या. उंच, सुकलेल्या अंगाच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावात धानाची शेती मामाजी बघायचे, माझा नवरा मोटरसायकलनं गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला जायचा, आणि कोठ्यातल्या दोन म्हशी पूर्णपणे मामीजींच्या हातात होत्या. त्या बोलायच्या कमी. पण म्हशीच्या चालण्यावरून तिचं काय दुखतं हे त्यांना कळायचं.

हळूहळू मला समजलं, की त्या घरात सलग तिसऱ्या वर्षी रेडकू दगावलं होतं. एक चौथ्या दिवशी गेलं, एक महिन्याचं होऊन हगवणीनं गेलं, आणि हे तिसरं तीन आठवड्यांचं असताना. गावात कोणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. म्हशीचं लेकरू नाजूकच असतं, असं सगळेच म्हणायचे. मामीजींना मात्र ते लागलं होतं. तणस भरलेलं ते कातडं बाजूला ठेवताना त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

घरात एक नियम होता, तसा गावात सगळ्याच घरांत होता. म्हैस व्याली की तिची जार पडेपर्यंत रेडकाला सडाला तोंड लावू द्यायचं नाही. जार म्हणजे वासरामागून बाहेर येणारं गर्भाचं आवरण. ती आधी पडली पाहिजे, नाहीतर आत अडकते आणि म्हैस दुधातून जाते, असं मानायचे. जार कधी दोन-तीन तासांत पडायची, कधी संध्याकाळ व्हायची. तोवर रेडकू खुंट्याला बांधलेलं, उपाशी. मग पहिला चीक निघायचा तो खरवसासाठी शेजारीपाजारी वाटला जायचा आणि उरेल तो रेडकाला. मामीजींनी हे आपल्या सासूकडून घेतलं होतं. त्यात काही चुकत असेल असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या कापणीच्या वेळची गोष्ट. मजूर बाया ठरवायला मामीजींना नाल्यापलीकडच्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, जायचं होतं. मी त्यांना स्कूटीवर बसवून नेलं. तिथली एक गोंड बाई दरवर्षी आमच्याकडे कापणीला यायची. मामीजींहून दहा-बारा वर्षांनी लहान, ठेंगणी, सतत काहीतरी करत असलेली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलं, पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि बाराही महिने आठ-दहा शेळ्या. आम्ही गेलो तेव्हा तिच्या अंगणात एक शेळी नुकतीच व्याली होती.

"बसा बाई, हात भरले आहेत माझे," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तीन पिल्लं होती. दोन धडपडत उभी राहिली आणि आईच्या कासेकडे सरकली. त्या बाईनं एकाचं तोंड सडाला लावलं, दुसऱ्यानं ते आपणच शोधून काढलं. शेळीची जार अजून पडायची होती, ते सगळं मागे लोंबत होतं. मामीजी उकिडव्या बसून बघत होत्या.

"जार पडाच्या आधी पाजून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

"मंग? कायले थांबाचं?" ती बाई म्हणाली. "दूध त्याहिचंच आहे."

"जार अडकली तं?"

"अडकत नाई. पिलं ओढतात तं लौकर पडते. मी तं असंच पाहून राहिली इतके वर्स."

तिसरं पिल्लू लहान होतं आणि मान टाकून पडलं होतं. तिनं त्याच्या तोंडात आपलं बोट घातलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. "तोंड थंड आहे याचं. थंड तोंडाचं लेकरू पीत नाई, पाजलं तं ठसका लागून मरते. पहिले त्याले गरम करा लागते." असं म्हणून तिनं त्याला जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं खसाखसा पुसलं, पदरात घेतलं आणि चुलीपुढे जाऊन बसली. कापणीचं बोलणंही तिथेच झालं. अर्ध्या-पाऊण तासानं तिनं पुन्हा बोट घालून बघितलं. मग वाटीत चीक पिळून आणला आणि बोटावरून थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडू लागली. पिल्लानं बोट चोखायला सुरुवात केली, तेव्हा तिनं फक्त वाटी थोडी जवळ सरकवली. आम्ही निघालो तोवर शेळीची जार पडली होती आणि ते तिसरं पिल्लू बाकीच्या दोघांमध्ये घुसायला बघत होतं.

परतताना मामीजी स्कूटीवर मागे बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "तिचे पिलं मरत नाईत. मले ठाऊक आहे, तिचे मरत नाईत."

त्यांना एका शेळीवरून निष्कर्ष काढायचा नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या मला घेऊन गोरेगावला जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली. मामीजींनी तिला सगळं सांगितलं. कोणतं रेडकू कितव्या दिवशी गेलं, शेण कसं होतं, पोट कसं होतं, काहीही न लपवता.

डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, वासराला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते चिकातून. आणि ती त्याच्या आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या काही तासांतच उघडी असते. तुम्ही जारेची वाट बघत बसता, तोवर ती बंद व्हायला लागते."

"मंग जार अडकली तं?"

"वासरू ओढायला लागलं की म्हशीला कळा येतात. जार लवकर पडते."

मामीजींनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरला विचारलं, "तुमाले हे कोनी सांगलं?"

डॉक्टर हसली. "कॉलेजात शिकवतात, मावशी."

"आमच्या टोलीतल्या बाईले कोनीच नाई शिकवलं," मामीजी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. दोन वेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट आली, म्हणून त्यांना ती पटली होती.

निघताना डॉक्टरनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, वासराची नाळ औषधात बुडवायची आणि दहाव्या दिवशी जंताचा डोस द्यायचा, कारण म्हशीच्या वासरात आईच्या दुधातूनच जंत येतात. दुसरी गोष्ट तिनं प्रश्न म्हणून विचारली. "म्हैस आटली की शेवटचे दोन महिने तिला काय घालता?"

"तनस. दूध देत नाई तं ढेप कायले घालाची?"

"वासरू पोटात सगळ्यात जास्त त्याच दोन महिन्यांत वाढतं, मावशी."

 त्या संध्याकाळपासून आटलेल्या म्हशीच्या गव्हाणीत भिजवलेली ढेप, म्हणजे पेंड, आणि कोंडा पडू लागला. मामाजींनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन जीव आहेत."

पौषात, सकाळी नऊच्या सुमारास म्हैस व्याली. वगार झाली, म्हणजे मादी. हवेत गारठा होता आणि कोठ्यात ऊन पोचत नव्हतं. मामाजी होते, आणि म्हैस व्याल्याचं कळून शेजारच्या काकी चिकासाठी गंज, म्हणजे पातेलं, घेऊनच आल्या होत्या. वगार ओली, थरथरत पडली होती. उठायचा प्रयत्न करायची आणि मागच्या पायांवर कोसळायची.

मामीजी खाली बसल्या आणि त्यांनी तिच्या तोंडात बोट घातलं. मला ते टोलीतलं अंगण आठवलं.

"थंड आहे," त्या मला म्हणाल्या. "पोतं आन."

आम्ही दोघींनी तिला तणसानं आणि पोत्यानं घासघासून कोरडं केलं, उचलून अंगणात उन्हात नेलं, आणि मामीजींनी आपली घोंगडी तिच्यावर टाकली. म्हैस ओरडत होती म्हणून मामाजींनी तिलाही सोडून अंगणात आणलं. ती आली आणि वगारीला चाटायला लागली. चाटल्यानं ती हलू लागली. थोड्या वेळानं मामीजींनी पुन्हा बोट घातलं, मान डोलावली, आणि वगारीला उचलून कासेकडे न्यायला लागल्या.

"अवं, जार पडाची आहे ना अजून," काकी म्हणाल्या.

"पडल."

"काऊन असं करून राहिली तू? म्हैस बिघडवशील."

"चाळीस वर्स थांबून पाहलं ना म्या," मामीजी म्हणाल्या. "आता न थांबता पाहातो."

वगारीला सड तोंडात धरता येत नव्हतं. मामीजींनी चीक हातानं तिच्या तोंडात पिळला, मग बोट चोखायला दिलं, मग बोटाच्या जागी सड. तीन-चार वेळा सुटलं. पाचव्यांदा तिनं ओढलं, शेपटी हलली, आणि तिच्या घशातून घोट जाताना मला दिसला. मामाजी तोंड फिरवून उभे होते, पण गेले नाहीत.

काकी गंज घेऊन उभ्याच होत्या. मामीजी त्यांना म्हणाल्या, "अवंदा चीक नाई, बाई. आधी इले पुरू दे." शेजारणीला चीक नाकारणं आमच्याकडे सोपं नाही. काकी रिकामा गंज घेऊन परत गेल्या आणि पुढे पंधरा दिवस आमच्या अंगणात आल्या नाहीत.

त्या दिवशी मामीजी जेवायला उठल्या नाहीत. म्हशीपासून दोन हातांवर बसून राहिल्या. मला कळत होतं, की त्या घाबरल्या आहेत. जार अडकली असती तर घरातल्या आणि गावातल्या सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर उत्तर द्यायचं होतं. दुपारी अडीचच्या आसपास जार पडली. सगळी, एकसंध. मामीजींनी ती काठीनं उलटून नीट तपासली, खड्डा करून पुरली, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "भात वाढ."

वगारीची वाढ मोजायची त्यांची रीत त्यांनी स्वतःच काढली. दर आठ दिवसांनी तिच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती सुतळी फिरवायच्या आणि जिथे टोक येईल तिथे गाठ मारायच्या. "डोळ्यानं समजत नाई," त्या म्हणायच्या. "रोज पाह्यलं तं रोज तेवढीच वाटते." पहिल्या दोन गाठींत चांगलं अंतर होतं.

मग माझ्या हातून चूक झाली. जंताचं औषध दवाखान्यातून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी माहेरी कुडव्याला आठवडाभर राहिले, भावाच्या मुलीचं बारसं होतं, आणि परत आल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तिसऱ्या आठवड्यात मामीजींनी सुतळी फिरवली, तर टोक जुन्याच गाठीवर आलं. दुसऱ्या दिवशी वगारीला मातकट पांढरं, घाण वासाचं शेण झालं. पोट फुगलं होतं, केस उभे राहिले होते, आणि ती दूध प्यायला उठत नव्हती. तीन आठवडे. मागचं रेडकू बरोबर याच वयात गेलं होतं.

मी रडत सांगितलं, की औषध मी आणलंच नाही. मामीजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "रडून का होते? गाडी काढ."

दवाखान्यात डॉक्टरनं औषध दिलं आणि पाण्यात साखर-मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा पाजायला सांगितलं. दूध बंद करायचं नाही, हेही बजावलं. मामीजी घरी आल्या आणि डोस पाजून कोठ्यात बसल्या. दुसऱ्या दिवशी वगारीच्या शेणातून पांढरे, लांब जंत पडले, इतके, की मला बघवलं नाही. मामीजींनी मात्र सगळे बघितले. 

"त्याहिच्या पोटातबी हेच असतील," त्या म्हणाल्या. आधीच्या तीन रेडकांविषयी बोलत होत्या. "अन् मी अंगारा लावत बसली."

मला त्या कधीच बोलल्या नाहीत, त्या चुकीवरून. फक्त पुढच्या सगळ्या तारखा त्या कॅलेंडरवर माझ्याकडून लिहून घेऊ लागल्या आणि आदल्या दिवशी आठवण करून देऊ लागल्या.

वगार चौथ्या दिवशी उठून आपण होऊन कासेकडे गेली. पण आता दुसरा प्रश्न उभा राहिला. मामीजींनी ठरवलं होतं, की तीन महिने एक सड पूर्ण तिचं, त्याला हात लावायचा नाही. पूर्वी धार काढून झाल्यावर रेडकाला सोडायचे आणि ते रिकाम्या कासेला ढुशा मारत राहायचं. दूध संकलन केंद्रावर आमची कॅन कमी भरू लागली. दोन-तीन दिवसांनी एका सकाळी मामाजी कॅन सायकलला लावताना म्हणाले, "केंद्रावर विचारून राहिले, म्हैस आटली का म्हनून."

"सांगा, घरात लेकरू आहे," मामीजी म्हणाल्या.

मामाजी वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त वेळ लागायचा. वगार दोन महिन्यांची असताना मामीजींना ताप आला आणि धारा काढायचं काम मामाजींवर पडलं. मी चहा घेऊन कोठ्यात गेले, तर त्यांनी वगारीला आधीच सोडलं होतं. ती तिचं सड ओढत होती, तोंडाच्या कडेनं फेस येत होता, आणि मामाजी हातात रिकामी बादली धरून तिचं पिणं संपायची वाट बघत बसले होते. मला बघून म्हणाले, "पिऊ दे. आंग धरून राहिली चांगलं."

वगार जगली. सहाव्या महिन्यात ती गावातल्या तिच्या वयाच्या कोणत्याही रेडकापेक्षा डोळ्यांत भरण्यासारखी मोठी होती. काळी कुळकुळीत, भरल्या पाठीची. बाया बघायला यायच्या. काकीही आल्या.

पण मला मामीजींचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं, ते त्यानंतरच्या गोष्टीचं. बचत गटाच्या बैठकीत एकीनं त्यांना विचारलं, की तुमच्या वगारीला काय घातलं. मामीजी उभ्या राहिल्या. पंधरा-वीस बाया होत्या, त्यांतल्या निम्म्या नात्यातल्या, आणि टोलीतली ती गोंड बाईही होती. मामीजींनी कोणाचं नाव पुढे करून स्वतःला वाचवलं नाही. त्या म्हणाल्या, "घातलं काई नाई. आधी मी उपाशी ठेवत होती, आता ठेवत नाई. माझ्या हातानं किती रेडकं मेले, मी मोजले नाई. मी चुकली. तुमी चुकू नका." मग त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मी इच्यापासून शिकली. इच्या अंगनात जाऊन पाहा."

 साठी उलटलेल्या, मानाच्या घरातल्या बाईनं टोलीतल्या मजूर बाईला सगळ्यांपुढे असं मोठं केलेलं आमच्या गावात मी तरी तोवर बघितलं नव्हतं. ती बाई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. बैठक संपल्यावर चार-पाच जणी तिच्याभोवती जमल्या आणि ती हातवारे करून त्यांना काहीतरी सांगू लागली.

तेव्हापासून सगळंच नीट झालं असं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या म्हशीचं रेडकू आडवं आलं आणि मेलेलंच जन्मलं.  पण त्या म्हशीपुढे मामीजींनी कातडं उभं केलं नाही. ढेप पुढे ठेवून, कास गरम पाण्यानं शेकून, तिच्याशी बोलत बोलत तिला पान्हा सोडायला शिकवलं. त्याला आठ दिवस लागले.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा एक म्हैस व्याली, आणि हेला झाला, नर. नराला गावात कोणी दूध सोडत नाही, ट्रॅक्टर आल्यापासून त्याचा उपयोग कोणाला नाही. तो आपला आपण वाळत जातो आणि एक दिवस नसतो. मामाजींनी जवळ येऊन बघितलं आणि म्हणाले, "हेला आहे. कायले पाजाचं एवढं?"

मामीजी त्याला पोत्यानं पुसत होत्या. त्यांचे गुडघे आता दुखतात, खाली बसताना त्यांना भिंतीचा आधार लागतो. त्यांनी हात थांबवला नाही.

"त्याले ठाऊक नाई तो हेला आहे," त्या म्हणाल्या. "त्याले भूक लागली एवढंच ठाऊक आहे."

 मामाजींनी वाकून हेल्याच्या मागच्या बाजूला हात लावला, आणि दोघांनी मिळून त्याला कासेपाशी उभं केलं.